गॅरेजच्या आठवणी लिहिताना

गॅरेजमधल्या कामाच्या आठवणी लिहायचं ठरवलंत, उत्तम! फक्त गॅरेज कधी सुरू झालं आणि का बंद पडलं, तिथून सुरुवात करू नका. नवे लोक हमखास तिथेच अडकतात. एकच काम निवडा. समजा, डिझेल संपून बंद पडलेला ट्रक: ब्लीड स्क्रू (डिझेलच्या लाइनमधली हवा काढायचा स्क्रू) सैल करायचा, बुडबुडे थांबेपर्यंत हँड प्रायमर (डिझेल पुढे ढकलायचा हातपंप) मारायचा, डिझेलची सलग धार आली की स्क्रू आवळायचा. हातांना आठवतं ते आधी लिहा.

- साल आठवेना? इंजिनाला डिझेल द्यायला जुना इनलाइन पंप होता (प्रत्येक सिलिंडरला वेगळी लाइन) की कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून जास्त दाबाने डिझेल), ते लिहा. ट्रकमध्ये कॉमन रेल आली ती 1990च्या दशकात.
- जुन्या फोटोंमागे नावं आजच लिहा. हेल्पर पोरांचीही.
- मालकाशी झालेली भांडणं नंतर. (मजा त्यातच असते, माहीत आहे!)

शुद्धलेखन, प्रकरणं वगैरे सध्या सोडा.