चहाची किटली आणि प्लिनीचं पत्र

प्रश्न : ताई, वीस वर्षं झाली, चर्चमधे चटया घालणं, चहा करणं, आजाऱ्यांच्या घरी डबा पोचवणं हेच करतेय. कमिटीच्या मीटिंगला मात्र आम्हा बायकांना कोणी बोलवत नाही. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधे, रोमी राजवटीत छळ चालू असताना, बायकांची सेवा एवढीच होती का?
– एक भगिनी, श्रीरामपूर

उत्तर : अगं, फिबी तुला माहितीच असेल, रोमकरांस पत्र, 16 वा अध्याय, किंख्रियाच्या मंडळीची सेविका, आणि तिथला ग्रीक शब्द तोच ज्यावरून आपला डीकन, म्हणजे चर्चमधला पदाधिकारी, आला. पण तू छळाचं विचारलंस म्हणून बायबलबाहेरचं सांगते.

साधारण इ.स. 112, काळ्या समुद्राकाठचा बिथुनिया, म्हणजे आताचं तुर्कस्तान. तिथला रोमी गव्हर्नर प्लिनी. त्याच्याकडे ख्रिस्ती लोकांच्या नावांची निनावी यादी आली. आणलेल्याला तो तीनदा विचारायचा, ख्रिस्ती आहेस का, आणि हो म्हणत राहिला की मरण. नाही म्हणाला तर सम्राटाच्या मूर्तीपुढं धूप आणि द्राक्षारस वाहायचा, ख्रिस्ताला शाप द्यायचा, की सुटला. बरेच सुटलेही, लपवायचं कशाला.

त्यातले जे आधी ख्रिस्ती होते त्यांनी सांगितलं की आम्ही ठरल्या दिवशी उजाडायच्या आत जमायचो, ख्रिस्ताचं गीत गायचो, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, कोणी विश्वासानं ठेवायला दिलेलं बुडवणार नाही अशी शपथ घ्यायचो. सरकारला एवढ्यानं समाधान कुठलं! सम्राट त्राजानला लोक एकत्र जमण्याची इतकी धास्ती की त्याच प्रांतातल्या निकोमेदिया शहरात मोठी आग लागल्यावर प्लिनीनं 150 जणांचं अग्निशमन पथक काढू का विचारलं तर त्यालाही नाही म्हणाला. मग खरंखोटं करायला प्लिनीनं दोन दासींना धरून त्यांचे हाल केले. ख्रिस्ती लोक त्यांना सेविका म्हणतात असं तो स्वतःच सम्राटाला लिहितो, आणि हाती काय लागलं तर म्हणे एक वाईट, अतिरेकी अंधश्रद्धा. कट नाही, काही नाही.

दासींचे हाल करायला रोमी कायद्याची आडकाठी नव्हती हे खरंय. पण मालकाच्या घरी दासी असलेली बाई मंडळीत सेविका म्हणून ओळखली जायची, मला तर हेच मोठं वाटतं. प्लिनीचं नाव राहिलं, त्या दोघींची नावं लिहायची त्याला गरज वाटली नाही, तेव्हा तुझ्या कमिटीनं तुला विसरणं काही नवीन नाही बाई.

पुढच्या मीटिंगला किटली आत नेलीस की तिथंच खुर्ची ओढून बस. कोणी काही बोललं तर 16 वा अध्याय काढून हातात दे.