लग्नाच्या कामात आचारी, मंडपवाले, कार्यालय यांच्याशी झालेल्या बोलण्याची नोंद एआयकडून आपोआप ठेवता येते का?

आपला सांगलीत लग्ननियोजनाचा छोटा व्यवसाय आहे, हंगामात एकाच वेळी अनेक लग्ने अंगावर असतात आणि कार्यालय, आचारी, मंडप, फुले, फोटो, बँड या सर्वांशी चाललेले बोलणे व्हॉट्सॲप, फोन आणि क्वचित ई-मेल असे विखुरलेले राहते. ते एआयच्या मदतीने एका जागी आणून पाठपुरावाही त्याच्याकडूनच करून घेता येईल का आणि खर्च किती येईल, असे आपण विचारले आहे. मी सांगली-मिरज भागात हेच काम करतो आणि अशी मांडणी वापरतो, त्या आधारावर लिहितो. नोंद ठेवता येते आणि चांगली ठेवता येते. पाठपुरावा मात्र यंत्राच्या तोंडून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; त्याची कारणे पुढे येतीलच.

सर्वांत आधी नोंद कशाची ठेवायची ते ठरवावे लागते. बरेच जण आलेला प्रत्येक संदेश गुगल शीटमध्ये ओतण्यापासून सुरुवात करतात आणि पंधरवड्यात त्या शीटकडे बघणे सोडून देतात, कारण जे व्हॉट्सॲपवर सापडत नव्हते ते आता शीटमध्ये सापडत नाही. नोंद कबुलीची ठेवावी: कोणी, कोणत्या लग्नातल्या कोणत्या कार्यक्रमासाठी, काय द्यायचे मान्य केले, किती रकमेला, कधी, आणि त्यापोटी विसार किती दिला गेला. माझ्या शीटमध्ये एका ओळीत एकच कबुली असते आणि तिच्यापुढे 'विचारले', 'सांगितले', 'पक्के' किंवा 'बदलले' यांपैकी एक अवस्था लिहिलेली असते. शेवटच्या रकान्यात समोरच्याचे मूळ वाक्य जसेच्या तसे येते. हा रकाना सक्तीचा ठेवा, कारण एआयला मोकळी जागा बघवत नाही. आचाऱ्याने ताटाचा दर सांगितलेलाच नसेल तर ते मागच्या एखाद्या संदेशातला दर उचलून बिनदिक्कत भरून टाकते. 'उल्लेख नसेल तर रकाना रिकामा ठेव' ही सूचना स्पष्ट शब्दांत द्यावी लागते आणि तरीही मूळ वाक्य शेजारी असल्याशिवाय ओळीवर विश्वास ठेवू नये.

'पक्के' कशाला म्हणायचे हा त्याहून नाजूक प्रश्न आहे. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणण्याची पद्धत नाही. 'होऊन जाईल', 'तुम्ही निवांत राहा', 'आपलंच काम आहे', 'बघून सांगतो' या चारही उत्तरांत होकार नाही, हे आपल्याला ऐकताक्षणी कळते; एआय मात्र पहिल्या तिन्हींना होकार समजून मोकळे होते. म्हणून मी नियमच घातला आहे की वस्तू, तारीख आणि रक्कम किंवा संख्या या तिन्ही गोष्टी बोलण्यात आल्याशिवाय आणि विसार पोहोचल्याची खूण असल्याशिवाय ओळ 'सांगितले' याच्या पुढे जायची नाही. या नियमाबरोबर आपल्याच जुन्या गप्पांतली काही वाक्ये आणि त्यांच्यापुढे योग्य अवस्था असे नमुने दिले, तर लांबलचक सूचनांपेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो, असा अनुभव आहे.

आता संदेश यंत्रापर्यंत पोहोचवायचे कसे. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे व्हॉट्सॲपमधील 'एक्स्पोर्ट चॅट'. एखाद्या व्यावसायिकाशी झालेली संपूर्ण गप्पा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये मिळते आणि ती एआयला देऊन त्यातून ओळी काढून घेता येतात. घरातले एकच लग्न असेल तर एवढे पुरेसे आहे, पुढे काही उभारण्याची गरज नाही. व्यवसायासाठी मात्र व्हॉट्सॲपचा अधिकृत बिझनेस प्लॅटफॉर्म घ्यावा, जिथे आलेला संदेश आपोआप दुसऱ्या प्रणालीकडे पाठवता येतो. फोनमधले बिझनेस ॲप चालू ठेवूनही तोच नंबर आता या मार्गाला जोडता येतो. मधली साखळी जुळवण्यासाठी, म्हणजे एका ॲपमधली माहिती आपोआप दुसऱ्यात नेण्यासाठी, झेपियर, मेक किंवा एनएटएन (n8n) यांपैकी कोणतेही साधन चालते. मी एनएटएन घेतले, कारण ते स्वतःच्या संगणकावर बसवता येते. संदेश आला की तो एआयकडे जातो, एआय ठरलेल्या रकान्यांत उत्तर देते आणि ओळ शीटमध्ये जमा होते, एवढीच ती साखळी आहे. ग्रुपवरचे बोलणे या मार्गाने नीट हाती लागत नाही, त्यामुळे पैशाचे आणि तारखेचे बोलणे ग्रुपवर करायचेच नाही, अशी शिस्त सर्वांना लावावी लागते. क्यूआर कोड स्कॅन करून चालणारी स्वस्त अनधिकृत साधने कोणी सुचवली तर घेऊ नयेत. ती व्हॉट्सॲपच्या अटींत बसत नाहीत आणि नंबर बंद होऊ शकतो. वैशाखात आपला धंद्याचा नंबर बंद पडणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आपल्या भागात खरी अडचण व्हॉइस नोटची आहे. मंडपवाला ट्रकमध्ये बसलेला असतो, आचारी भट्टीपाशी असतो; दोघेही टाइप करत नाहीत. मराठी आवाजाचे अक्षरांत रूपांतर करण्यासाठी ओपन एआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुले केलेले व्हिस्पर हे एआय प्रारूप (मॉडेल) आहे, केंद्र सरकारच्या भाषिणी उपक्रमातही मराठीची सोय आहे. व्हिस्परची लहान आवृत्ती मराठीला पुरत नाही, मोठीच घ्यावी. वाक्यांचा अर्थ बहुतेक वेळा ठीक लागतो, मात्र आकड्यांत गोंधळ होतो: 'पावणेदोनशे' किंवा 'साडेचारशे' यांचे अंक करताना चूक झाली तर ती शेकड्यांत होते. त्यामुळे आवाजातून आलेली प्रत्येक रक्कम आणि ताटांची संख्या शीटमध्ये पिवळ्या रंगात दिसते आणि माणसाने ऐकून खात्री केल्यावरच तो रंग जातो. 'परवा', 'पुढच्या सोमवारी', 'हळदीच्या आदल्या दिवशी' असे उल्लेख सोडवण्यासाठी संदेशाची वेळ आणि त्या लग्नाचे कार्यक्रमपत्रक, म्हणजे साखरपुडा, मेंदी, हळद, मुहूर्त, वरात यांच्या तारखा व वेळा, एआयला दरवेळी सोबत द्याव्यात.

फोनवरच्या बोलण्याचे काय, असा प्रश्न साहजिक आहे, कारण दराची घासाघीस फोनवरच होते. कॉल रेकॉर्ड करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. फोन ठेवल्यावर लगेच, अर्ध्या मिनिटात, टेलिग्रामवर स्वतःसाठी बनवलेल्या बॉटला, म्हणजे संदेश घेऊन तो साखळीत पुढे पाठवणाऱ्या यांत्रिक खात्याला, मी बोलून सांगतो की अमुक माणसाशी बोललो, इतके ठरले, इतके राहिले. त्या आवाजातून एआय दोन गोष्टी तयार करते: शीटमधली ओळ, आणि त्या माणसाला पाठवायच्या संदेशाचा मसुदा, ज्याची सुरुवात 'आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे' अशी असते. मी तो वाचतो, दुरुस्त करतो आणि माझ्याच हाताने पाठवतो. समोरून 'हो' आले की तोंडी बोलण्याला लेखी आधार मिळतो. या संपूर्ण व्यवस्थेतला एकच भाग ठेवायचा म्हटले तर मी हाच ठेवीन.

एकच आचारी आपल्या तीन लग्नांत असतो आणि त्याच्याशी गप्पा एकाच खिडकीत चाललेल्या असतात. तो 'पाटलांचं' एवढेच म्हणतो. सांगली जिल्ह्यात एका मुहूर्ताला पाटलांची किती लग्ने असू शकतात, हे एआयला कुठून ठाऊक असणार? व्यावसायिकांनी सांकेतिक क्रमांक वापरावेत ही अपेक्षा फोल आहे, मी ती सोडून दिली आहे. आपण पाठवतो त्या प्रत्येक संदेशात आडनाव, गाव आणि तारीख लिहावी, म्हणजे त्याखाली आलेले उत्तर योग्य लग्नाला जोडले जाते. शंका असेल तर 'लग्न अनिश्चित' असे लिहून ओळ बाजूला ठेवण्याची मुभा एआयला द्यावी. सकाळी चहाबरोबर अशा ओळी निस्तरायला फार वेळ लागत नाही.

इथवर जे सांगितले ते एखादा हुशार मदतनीस वही घेऊनही करू शकेल. एआयचा खरा फायदा मला दिसला तो दोन व्यावसायिकांच्या मधल्या रिकाम्या जागेत. लग्नातल्या बहुतेक फजित्या कोणी शब्द मोडल्यामुळे होत नाहीत. एखादे काम दुसरा करणार आहे, असे दोघेही धरून चालतात. मंडपवाला सांगतो की स्टेज उभारायला आदल्या रात्री आठपासून हॉल लागेल, तर कार्यालयाच्या व्यवस्थापकाच्या संदेशात ताबा सकाळी सहाला मिळेल असे असते. दोन्ही वाक्ये वेगवेगळ्या गप्पांत असल्यामुळे ती शेजारी शेजारी कोणी वाचत नाही. स्वयंपाकाचा गॅस कोण आणणार हा असाच प्रश्न. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर व्यावसायिक कामाला वापरता येत नाही, १९ किलोचे लागतात, आणि ते आचारी आणतो की कार्यालय पुरवते याचा उल्लेख अनेकदा कुठेच नसतो. गुरुजींनी पूजासाहित्याची यादी वधूपक्षाला पाठवलेली असते, पण चौरंग, पाट आणि होमकुंड मंडपवाला देतो असे वधूपक्ष समजतो. मे महिन्यात वळीव कोसळला तर लॉनवरची जेवणाची मांडणी कुठे हलवायची आणि टेबले कोणाची माणसे उचलणार, हे तर कोणाच्याच कामात बसत नाही.

म्हणून दर आठवड्याला एकदा मी एका लग्नाच्या सगळ्या ओळी एकत्र एआयपुढे ठेवतो आणि तीन गोष्टी विचारतो: कोणत्या दोन कबुल्यांच्या वेळा एकमेकींवर आदळतात, कोणत्या वस्तूला धनी नाही, आणि कोणती कबुली नियमांत बसत नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उदाहरण द्यायचे तर डीजेवाला 'अकरापर्यंत वाजवू' असे मोठ्या प्रेमाने सांगतो, पण ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, तेव्हा वरात किती वाजता निघायला हवी हे त्यावरून मागे मोजावे लागते. हे प्रश्न चांगले चालण्यासाठी लग्नाला लागणाऱ्या वस्तूंची आणि कामांची आपली स्वतःची यादी आधी एकदा लिहून द्यावी लागते, कारण रुखवताचे टेबल, देवकाचे साहित्य, वाजंत्र्यांच्या जेवणाची सोय किंवा अक्षता वाटणारी माणसे या गोष्टी एआय आपणहून विचारत नाही. ती यादी आपल्या डोक्यात आहेच, ती कागदावर उतरवणे हे या सगळ्यातले सर्वांत कष्टाचे काम आहे.

आठवण देण्यासाठी मात्र एआय वापरू नका. उरलेली रक्कम किती, ती कधी द्यायची, कोणाचे उत्तर चार दिवस आलेले नाही, हे शीटमधले साधे सूत्र बिनचूक सांगते. एआयला बेरीज करायला लावणे म्हणजे पैसे देऊन चूक विकत घेणे. सकाळी सात वाजता त्या दिवशी ज्यांना फोन करायचा आहे त्यांची यादी माझ्याकडे येते आणि प्रत्येक नावापुढे शेवटचे बोलणे एका ओळीत असते.

त्या यादीतले फोन मीच करतो. अधिकृत प्लॅटफॉर्मवर समोरच्याचा संदेश आल्यापासून २४ तासांच्या आत मोकळे उत्तर देता येते, त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेला साचेबद्ध संदेशच पाठवता येतो आणि त्याचे पैसे पडतात. पण हे कारण दुय्यम आहे. आपल्याकडचा आचारी किंवा बँडवाला सुपारी घेतो ती माणसाच्या ओळखीवर. त्याला यंत्राचा तगादा गेला तर तो उत्तर देत नाही आणि पुढच्या हंगामात आपली तारीख मागे ढकलतो. शिवाय आवाजावरून जे कळते, म्हणजे त्याने त्याच मुहूर्ताला दुसरे काम घेतले आहे की काय, ते संदेशावरून कळत नाही.

माहितीच्या बाबतीत थोडी काळजी घ्यावी. पाहुण्यांच्या याद्या, आधारची छायाचित्रे, बँकेचे तपशील एआयकडे जाणारच नाहीत अशी चाळणी साखळीच्या सुरुवातीला लावा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि तो नसता तरी व्यावसायिकांना नोंद ठेवली जाते हे सांगणे सभ्यतेला धरून आहे. मोफत एआय सेवांत आपला मजकूर प्रशिक्षणासाठी वापरण्याची सोय चालू असेल तर ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी.

खर्चाचे म्हणाल तर एनएटएनची स्वतः बसवायची आवृत्ती आणि टेलिग्रामचा बॉट यांना शुल्क नाही. एआयचे पैसे वापराप्रमाणे पडतात आणि आपल्या आकाराच्या धंद्यात ते एखाद्या फुलांच्या कमानीच्या खर्चाजवळही जात नाहीत. मोठा खर्च जुळवाजुळव करणाऱ्या माणसाचा असतो. ही मांडणी चातुर्मासात करा, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर हंगाम उघडेपर्यंत ती रुळलेली असेल. पहिली चाचणी चालू कामावर न घेता गेल्या हंगामातल्या एखाद्या पार पडलेल्या लग्नावर घ्या: त्या वेळच्या गप्पा एक्स्पोर्ट करा, एआयकडून ओळी काढून घ्या आणि प्रत्यक्षात कोणाला किती पैसे गेले, कोणती वस्तू आली नाही, कोणती दोनदा आली, याच्याशी त्या ताडून बघा. रकमा जुळल्या आणि त्या दिवशी आयत्या वेळी जी धावपळ झाली ती 'धनी नाही' या यादीत आधीच दिसली, तर पुढच्या लग्नापासून व्यवस्था सुरू करावी. रकमा जुळत नसतील तर आधी नमुन्याची वाक्ये वाढवावीत आणि व्हॉइस नोटचा भाग काही काळ हातानेच लिहावा.