‘राक्षस’ म्हणजेच ‘असुर’ का?

एका लेखिकेची पृच्छा अशी : अद्भुतरम्य कादंबरीसाठी खलनायकांची एक आयती जमात हवी आहे, तिला असुर, दैत्य, दानव, राक्षस यांपैकी काहीही म्हटले तर चालेल ना, कारण कोशांत हे शब्द एकमेकांचे पर्याय म्हणूनच दिलेले असतात?

वृत्तात मात्रा जुळवायच्या असतील तर चालेल. कथेत अडचण होईल, कारण यांतला प्रत्येक शब्द आपले कुळ बरोबर घेऊन येतो. दितीचे ते दैत्य आणि दनूचे ते दानव. या दोघीही कश्यपाच्या पत्नी, आणि देवांची आई अदिती ही त्यांची सवत. म्हणजे देवदैत्यांचे वैर ही मुळात भाऊबंदकी आहे. राक्षसांचे घराणे निराळे. त्यांचा राजा रावण पित्याकडून पुलस्त्य ऋषींचा नातू.

‘असुर’ शब्दाचा प्रवास तर फारच वळणांचा. ऋग्वेदात वरुणालाही असुर म्हटले आहे, आणि अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातला ‘अहुर’ हा त्याचाच सहोदर. पुढे शब्दाला हीन अर्थ चिकटला, त्यातला ‘अ’ नकारार्थी समजला गेला आणि उरलेल्या तुकड्यातून देवांसाठी ‘सुर’ हा शब्द निघाला. (खलनायक आधी आणि नायक मागाहून, असे निदान व्याकरणात तरी घडले आहे.)

आजची मराठीही हा भेद विसरलेली नाही. बहुमत ‘राक्षसी’ असते, भूक ‘राक्षसी’ असते, आनंद मात्र ‘आसुरी’ असतो. पहिल्या शब्दाने प्रमाण सांगितले जाते, दुसऱ्याने वृत्ती. ‘आसुरी बहुमत’ म्हटले की कान अडखळतो. मनुस्मृतीतल्या आठ विवाहांतही मुलीसाठी तिच्या आप्तांना धन देऊन केलेला तो आसुर आणि तिला बळजबरीने पळवून केलेला तो राक्षस, अशी वेगळी नोंद आहे.

‘दैत्य’ वापरताना विशेष जपावे. बळी हा दैत्यच, प्रल्हादाचा नातू. आणि ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणणाऱ्या वाचकाला दैत्य म्हणजे दुष्टच, हे सहजी पटणार नाही. त्याच दिवाळीत गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराच्या प्रतिमा जाळतात, ही गोष्ट वेगळी. ‘वेताळ’ घ्यावा म्हटले, तर वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत वेतोबाला, म्हणजे देव मानलेल्या वेताळालाच, भाविक चामड्याच्या चपला वाहतात.

आणखी एक गोष्ट कोशात पाहून सहसा कळत नाही. झारखंडात असुर नावाचा आदिवासी समाज आहे, लोखंड गाळणे हा त्याचा परंपरागत व्यवसाय, आणि त्यांच्यातले अनेकजण महिषासुराला आपला पूर्वज मानतात. कादंबरीतल्या, जन्मतःच क्रूर अशा जमातीला हे नाव देणे मला उचित वाटत नाही. त्या जमातीचा उल्लेख करताना ‘जात’ हा शब्दही टाळावा; तो मराठीत भलत्याच दिशेला नेतो. ‘वंश’ किंवा ‘कुळ’ पुरेसे आहे.

गावे लुटणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या टोळ्यांसाठी ‘राक्षस’ खुशाल वापरावा. मुख्य प्रतिपक्षासाठी मात्र नवे नाव घडवणे बरे, आणि त्याची रीत जुन्यांतच सापडते : विनतेचा मुलगा गरुड तो वैनतेय, कद्रूचे मुलगे नाग ते काद्रवेय. कल्पित आदिमातेचे नाव तमसा ठेवले, तर तिचे वंशज ‘तामसेय’ होतील.