डब्यात आधीच लिहिलेले चोवीस शब्द

प्रश्न : मी केळी उत्पादक शेतकरी आहे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या आभासी चलनाच्या खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर मूल्याचे चलन चोरीला गेले, तेव्हापासून माझे थोडे बिटकॉइन एक्स्चेंजवर ठेवायला मन धजत नव्हते. म्हणून ऑनलाइन एका विक्रेत्याकडून सवलतीत हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइन स्वतःकडे सांभाळण्याचे छोटे यंत्र, मागवले. डब्यात यंत्र, केबल आणि चोवीस इंग्रजी शब्द छापलेले कार्ड निघाले. ते शब्द यंत्रात भरावेत अशी सूचना होती. तसे करून मी पंधरा हजार रुपयांचे बिटकॉइन त्यात पाठवलेही आहे. उरलेले पाठवण्याआधी काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : उरलेले पाठवू नये, आणि आधी पाठवलेले पंधरा हजारांचे बिटकॉइन हे उत्तर वाचताक्षणी एक्स्चेंजवरील आपल्या खात्यात परत घ्यावे. बाकीचे सारे त्यानंतर.

कारण असे की, हार्डवेअर वॉलेटमध्ये नाणी नसतातच. त्यांची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे जगभरच्या संगणकांवर ठेवलेल्या सामायिक खातेवहीत, असते. यंत्रात असते ती खर्च करण्याची किल्ली, आणि ती या चोवीस शब्दांपासूनच तयार होते. ज्याच्याकडे शब्द आहेत त्याला आपले यंत्र लागत नाही, पिन लागत नाही, चोपड्याला यावेही लागत नाही. ते शब्द ज्याने छापले त्याच्याकडे आपल्या तिजोरीची दुसरी किल्ली आहे. रक्कम अजून जागेवर आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. मोठी रक्कम येईपर्यंत वाट पाहणे चोराला परवडते. कोणताही प्रामाणिक उत्पादक शब्द लिहून पाठवत नाही, तो कोरे कार्ड पाठवतो. फुकट आलेल्या यंत्राबाबतही हीच सावधगिरी हवी : २०२० मध्ये लेजर या हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांचे पत्ते फुटले आणि पुढच्या वर्षी त्यांतील काहींच्या घरी बनावट यंत्रे टपालाने येऊन पडली.

हाती असलेले यंत्र बाजूला ठेवावे. ते पुसून नव्याने सुरू करता येईल, पण आत काय बदलले आहे हे आपल्याला तपासता येत नाही, त्यामुळे माझा सल्ला ते न वापरण्याचाच आहे. नवे यंत्र थेट उत्पादकाकडून किंवा त्याने आपल्या संकेतस्थळावर नाव दिलेल्या विक्रेत्याकडून घ्यावे. त्याचे ॲपही उत्पादकाच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून तिथूनच उतरवावे. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारी जाहिरात खऱ्या कंपनीची असेलच असे नाही.

सुरू करताना 'नवे वॉलेट' हा पर्याय निवडला की यंत्र स्वतःच्या पडद्यावर एकेक शब्द दाखवते. हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या इंग्रजी यादीतून येतात. खोलीत एकटे बसावे आणि शब्द क्रमांकासह, सुट्या मोठ्या इंग्रजी अक्षरांत कागदावर लिहावेत. देवनागरीत लिहू नयेत : यादीत 'उजवा' या अर्थाचा राइट आहे आणि 'लिहिणे' या अर्थाचाही राइट आहे, आणि दहा वर्षांनी कागद हाती घेणाऱ्याला कोणता ते कळणार नाही. फोटो काढू नये, स्वतःलाच व्हॉट्सॲप करू नये, ईमेलमध्ये मसुदा ठेवू नये. फोनमधला फोटो आपल्या नकळत क्लाउडवर जातो, आणि तिथून तो कोण पाहील यावर आपला ताबा राहत नाही. हे शब्द वॉलेटच्या पडद्याखेरीज कुठेही टाइप करायचे नसतात. कस्टमर केअरमधून बोलतो असे सांगून ते मागणारा माणूस हमखास ठग समजावा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. शे-दोनशे रुपयांचे नाणे पाठवावे, मग यंत्र मुद्दाम पूर्ण पुसावे आणि कागदावरच्या शब्दांवरून वॉलेट पुन्हा उभे करावे. माझ्या पहिल्या सरावात यंत्राने माझे शब्द नाकारले. तासाभराने लक्षात आले की इंग्रजी अक्षरे एकमेकांना जोडून लिहिताना मी 'विंटर'च्या जागी 'विनर' लिहिले होते. इंग्रजीत दोन्हींत एकाच अक्षराचा फरक आहे आणि दोन्ही शब्द यादीत आहेत. त्या दिवशी वॉलेटमध्ये दोनशे रुपये होते म्हणून निभावले. (ते वॉलेट आता वापरात नाही.)

सराव जमला की उरलेली रक्कम पाठवावी. त्या वेळी पत्ता संगणकावर पाहून थांबू नये, यंत्राच्या पडद्यावर दिसणाऱ्या पत्त्याशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ताडून पाहावा, कारण कॉपी केलेला पत्ता पेस्ट करताना बदलून टाकणारे व्हायरस आहेत.

प्रश्न : माझे यजमान रेल्वेतून निवृत्त झाले आहेत. त्यांच्याकडे असे वॉलेट आहे. शब्दांचा कागद गोदरेजच्या कपाटात आहे. घर जुने धाब्याचे असून वाळवीचा त्रास आहे. कागदाचे काय करावे? आणि त्यांच्या पश्चात मला काही कळेल का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : ताई, कागद एकच असेल तर आपली काळजी रास्त आहे. भांड्यांच्या दुकानात स्टीलच्या डब्यावर नाव कोरून देतात, तसे शब्द स्टीलच्या पत्र्यावर उतरवले तर वाळवी, ओल आणि आग या तिन्हींची भीती पुष्कळ कमी होते. मात्र हे काम दुकानदाराला देऊ नये, कारण मग शब्द त्यालाही कळतील. हार्डवेअरच्या दुकानात अक्षरांचे पंच मिळतात. यजमानांनी ते आणून हातोडीने स्वतः ठोकावेत. यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, तेव्हा चारच ठोकली तरी चालते. पत्रा घरात आणि कागद बँकेच्या लॉकरमध्ये, असे दोन ठिकाणी ठेवावे. बारा शब्द इथे आणि बारा तिथे अशी विभागणी मात्र करू नये, एक भाग हरवला की सगळेच जाते.

पिन आपल्याला ठाऊक नसला तरी अडत नाही. लेजरच्या यंत्रात सलग तीन वेळा पिन चुकला की यंत्र स्वतःला पुसते, पण शब्द असतील तर नव्या यंत्रावर सारे परत मिळते. यजमानांनी शब्दांवर वेगळा पासफ्रेजही, म्हणजे स्वतः निवडलेला जादा गुप्त शब्द, लावला आहे का, हे आजच विचारून घ्यावे. तो असेल तर निव्वळ चोवीस शब्दांनी रिकामे वॉलेट उघडते आणि पाहणाऱ्याला पैसे गेले असे वाटते. मृत्युपत्रात शब्द लिहू नयेत, ते अनेकांच्या हाती जाते. वॉलेट आहे आणि पत्रा कुठे आहे एवढेच आपल्याला व मुलांना सांगितलेले असावे. एकदा त्यांच्या शेजारी बसून शब्दांवरून वॉलेट उभे करण्याचा सराव आपण स्वतः करावा.

प्रश्न : एक्स्चेंजमधून स्वतःच्या वॉलेटमध्ये नाणी हलवली तर कर लागतो का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : स्वतःच्याच वॉलेटमध्ये हलवणे म्हणजे विक्री नव्हे, त्यामुळे त्यावर नफा उद्भवत नाही. विकताना मात्र नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर लागतो, आणि खरेदीची किंमत सोडून दुसरा कोणताही खर्च वजा मिळत नाही. म्हणूनच एक्स्चेंजवरील खरेदीच्या नोंदी नाणी हलवण्याआधीच उतरवून घ्याव्यात, आणि प्रत्येक हस्तांतराची तारीख व व्यवहार क्रमांक वहीत टिपून ठेवावा.