आधी रक्त तपासा, मग जिमचे पैसे भरा

तुमचं वय ३८, उंची पाच फूट सात इंच, वजन ९४ किलो आणि दिवसभर खुर्चीतलं काम. वर्षभरापासून ताठरता येते पण टिकत नाही. दिवा चालू असताना बायकोसमोर शर्ट काढायची लाज वाटते. जिममधल्या ट्रेनरने 'तुमचं टेस्टोस्टेरॉन कमी असणार' असं सांगून इंजेक्शनांचा कोर्स सुचवलाय. वजन उतरवलं की हे सगळं सुटेल का, असं तुम्ही विचारलंय. मी आता ५३ चा आहे. दहा वर्षांपूर्वी मीही याच अवस्थेत होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

ते इंजेक्शन घेऊ नका. बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं ऐका. कारण पुढे सांगतो.

ताठरता हा मुख्यतः रक्ताचा मामला आहे. इच्छा जागी झाली की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून आणि नसांच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, वाहिन्या सैलावतात, रक्त आत भरतं आणि तिथेच कोंडून राहतं. या वायूचं शरीरातलं काम शोधणाऱ्या तिघांना १९९८ मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षी बाजारात आलेली सिल्डेनाफिलची (व्हायग्राची) गोळी याच वायूने सुरू केलेलं काम लांबवते. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू या सगळ्यांनी ते अस्तर खराब होतं. शिश्नाला रक्त नेणारी धमनी एक-दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन-चार. अस्तर सगळीकडे एकाच वेळी बिघडत असतं, पण बारीक नळी आधी तक्रार करते. म्हणून पुष्कळ पुरुषांमध्ये ताठरतेची तक्रार हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षं आधी दिसते. अडतिसाव्या वर्षी ही तक्रार आली असेल तर ती लाजेची गोष्ट नाही. ती वेळेवर आलेली सूचना आहे.

मला ती सूचना कळली नाही. मी आठ महिने लपवलं. रात्री मुद्दाम उशिरा झोपायचो. 'गुप्तरोग' असा बोर्ड लावलेल्या एका दवाखान्यात जाऊन पुड्या आणि तेल यांवर बावीस हजार रुपये घालवले. तिथे कुणी माझा रक्तदाब मोजला नाही, साखर तपासली नाही. पुढे विम्यासाठी तपासणी झाली आणि उपाशीपोटी साखर २१४ निघाली, म्हणजे मधुमेह. त्या दवाखान्याची मला आजही चीड येते, पैशासाठी नाही, गेलेल्या महिन्यांसाठी.

त्या वेळी माझं वजन ७६ किलो होतं. मला कुणी लठ्ठ म्हटलं नसतं. हातपाय बारीक, फक्त पोट पुढे. आपल्याकडे हे फार दिसतं आणि त्याचा नीट अभ्यास आपल्या पुण्यातच झालाय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच दाखला दिला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणून वजनकाट्यापेक्षा टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटिमीटरच्या पुढे धोका सुरू होतो. पॅन्टचा नंबर धरू नका, पॅन्ट आपण ढेरीच्या खाली बांधतो.

पोटातली चरबी नुसती साठून राहत नाही. तिच्यामुळे शरीर इन्सुलिनचं कमी ऐकतं, रक्तवाहिन्यांना सूज राहते, आणि चरबीतलं एक विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करत राहतं. ट्रेनरचा अंदाज कदाचित बरोबरही असेल. तुमचं टेस्टोस्टेरॉन थोडं कमी निघू शकतं. पण ते बहुतेक वेळा ढेरीमुळे कमी असतं आणि ढेरी उतरली की चढतं.

आता वजन उतरवून फरक पडतो का, याचं उत्तर. इटलीत ११० लठ्ठ पुरुषांवर दोन वर्षांचा प्रयोग झाला, २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना ताठरतेची तक्रार होती, मधुमेह कुणालाच नव्हता. ५५ जणांना आहार आणि व्यायामाचं नेमकं मार्गदर्शन दिलं, ५५ जणांना नुसती सर्वसाधारण माहिती. पहिल्या गटात १७ जण पूर्ववत झाले, दुसऱ्यात ३. म्हणजे फरक मोठा आहे, पण पहिल्या गटातले दोन तृतीयांश लोक तेवढ्याने पूर्ववत झाले नाहीत, हेही ध्यानात ठेवा. नाहीतर सहा महिन्यांनी निराश व्हाल. मला मात्र त्यातला दुसराच आकडा मोलाचा वाटतो. पहिल्या गटाचा सरासरी बीएमआय ३७ वरून ३१ वर आला होता, म्हणजे शेवटीही ते लठ्ठच होते. त्यांचं चालणं-फिरणं आठवड्याला ४८ मिनिटांवरून १९५ मिनिटांवर गेलं होतं. बारीक होईपर्यंत थांबावं लागत नाही. व्यायामाने रक्त जोरात वाहतं, त्या घर्षणाने अस्तर पुन्हा नायट्रिक ऑक्साइड बनवायला लागतं, आणि हे काटा हलायच्या आधी सुरू होतं. माझाही अनुभव तोच. वजन जेमतेम तीन किलो उतरलं होतं तेव्हा पहाटेची ताठरता परत आली होती.

किती करायचं? आजवरच्या अभ्यासांतून निघालेला साधा हिशोब असा की आठवड्यात चार दिवस, दर वेळी ४० मिनिटं, सहा महिने. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतकं भरभर चाला. जोडीला दोन दिवस ताकदीचा व्यायाम. जिमच पाहिजे असं नाही, जोर-बैठकाही चालतील. जेवणातली साखर खेचून घेणारं सगळ्यात मोठं इंद्रिय स्नायू आहे आणि खुर्चीवाल्या माणसाच्या मांड्यांत ते झिजलेलं असतं. उलट टोकही गाठू नका. दोन-दोन तास धावायचं आणि एक वेळ जेवायचं, अशाने कामेच्छा मरते. सायकल चालवत असाल आणि खाली बधिर वाटत असेल तर सीट बदला, अधूनमधून उभं राहून पायडल मारा.

एक व्यायाम जिममध्ये कुणी शिकवत नाही. पोटातला गॅस रोखताना जो स्नायू आवळतो तो आवळा, दहापर्यंत मोजा, सोडा. बरोबर जमलं तर लिंग मुळाशी किंचित आत जातं आणि अंडकोष वर उचलले जातात. पोट आणि नितंब सैल ठेवायचे. इंग्लंडमध्ये ताठरतेची तक्रार असलेल्या ५५ पुरुषांना हा व्यायाम दिला, तेव्हा सहा महिन्यांनी ४० टक्के पूर्ण बरे झाले आणि आणखी सुमारे एक तृतीयांशांना फरक पडला. फुकटचा उपाय आहे, ऑफिसच्या खुर्चीत बसून होतो.

झोपेकडे बघा. दहा धडधाकट तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. घोरत असाल, मध्येच श्वास अडकतो असं बायको म्हणत असेल, तर ते डॉक्टरांना नक्की सांगा.

आता इंजेक्शन. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू वृषणांना हुकूम देणं थांबवतो. वृषणं आक्रसतात, वीर्यातले शुक्रजंतू घटतात. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉनचं साप्ताहिक इंजेक्शन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. १९९० मध्ये आलेल्या त्या अहवालात २७१ पुरुषांपैकी १५७ जणांच्या वीर्यात शुक्रजंतू शून्यावर आले होते. तुम्हाला दुसरं मूल हवंय असं तुम्हीच लिहिलंय. कोर्स थांबवल्यावर शरीर पूर्वपदावर यायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं, आणि त्या काळात इच्छा आणि ताठरता दोन्ही पार खाली जातात. 'आयुर्वेदिक शक्तिवर्धक' म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलही नकोत. अशा पुष्कळ मालात न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेलं आढळलंय.

व्यायाम सुरू केल्यावर संबंध बंद ठेवावेत का, असंही तुम्ही विचारलंय. ही समजूत तालमीतून आलेली आहे. कोल्हापूरच्या तालमीत माझ्या काकांनाही वस्तादांनी तेच सांगितलं होतं. पैलवानाच्या शिस्तीचा मला आदर आहे, पण वीर्य गेल्याने ताकद जात नाही. ते शरीर रोज नव्याने बनवतं. या भीतीने आपल्याकडच्या किती पोरांची झोप उडालीय. १९६० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी या भीतीला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं, ते इथलेच रुग्ण पाहून.

राहिला आरसा. तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात जास्त लागलेली ओळ ती होती, 'मी स्वतःकडे बघत नाही' ही. ओटीपोटावर चरबी वाढली की लिंगाचा मुळाकडचा भाग तिच्यात झाकला जातो. ते लहान झालेलं नसतं. आणि मनात सेंटिमीटर असतील तर ऐका. पंधरा हजारांहून जास्त पुरुषांच्या मोजमापांचा २०१५ मध्ये एकत्र हिशोब झाला, तेव्हा ताठ असतानाची सरासरी लांबी १३.१२ सेंटिमीटर निघाली. मोबाइलवर जे दिसतं ते निवडून घेतलेलं असतं.

पण कंबर उतरली की आरसाही बरा होईल, असं धरून चालू नका. माझा भाचा २४ वर्षांचा आहे, अंगावर चरबी नाही, दंड मांडीएवढे. तो उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो, कारण त्याला स्वतःचं अंग काटकुळं वाटतं. हा नाद नाही, आजार आहे. नव्वदच्या दशकात त्याची ओळख पटली आणि आज मनोविकारांच्या यादीत तो आहे. पलंगावरही तेच चालतं. माणूस जवळ असतो बायकोच्या, आणि बघत असतो स्वतःची ढेरी, स्वतःची ताठरता. धास्तीने ॲड्रेनलिन सुटतं, ते वाहिन्या आवळतं, आणि ज्याची भीती होती तेच घडतं. पहाटे ताठरता चांगली येत असेल तर तुमच्या तक्रारीत मनाचा वाटा मोठा आहे.

म्हणून तिला सांगा. मी आठ महिन्यांनी सांगितलं, स्वयंपाकघरात, ती भाजी निवडत असताना, कारण समोर बसून जमलं नसतं. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्हाला मी नकोशी झालेय." मी माझ्या पोटाची लाज बाळगत होतो आणि ती स्वतःच्या शरीरात दोष शोधत होती. त्या दिवसापासून संध्याकाळी आम्ही दोघं चालायला जातो.

या आठवड्यात रक्तदाब मोजून घ्या. उपाशीपोटी साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा. टेस्टोस्टेरॉन तपासायचंच असेल तर सकाळी दहाच्या आत, आणि कमी निघालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. अहवाल घेऊन फिजिशियनकडे जा, तक्रार स्पष्ट शब्दांत सांगा. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी कुणी दिली असेल, तर सिल्डेनाफिलला हात लावू नका. दोन्ही मिळून रक्तदाब एकदम कोसळतो आणि माणूस दगावू शकतो. दोन जिने न थांबता चढताना दम लागत नसेल, छाती भरून येत नसेल, तर संबंधांचा ताण हृदयाला साधारण तेवढाच असतो, त्याची धास्ती नको. अहवाल आले की कळवा.