हातच्याची वजाबाकी

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. ५२ मधून २७ वजा केले की ३५ लिहिते. घरी काय करावे? (एक पालक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : आधी तिला तोंडाने बोलत गणित सोडवायला सांगा, कारण ३५ दोन चुकांनी येते. एक, २ मधून ७ जात नाहीत म्हणून ती उलट ७ मधून २ काढते. दुसरी, एक दशक मोडून दहा सुटे घेते, पण ५ खोडून ४ करायचे विसरते.

तुराटीचे बोटभर ५२ तुकडे करा : दहा-दहाच्या पाच जुड्या, दोन सुटे. सात मागा. सुटे पुरणार नाहीत. जुडी तिलाच सोडू द्या. सुटे १२, जुड्या ४. लगेच पाटीवर ५ खोडून ४ लिहायला लावा. हा टप्पा महत्त्वाचा. नुसत्या काड्या मोजल्या तर वहीत पुन्हा ३५च येईल. मग सात सुटे आणि दोन जुड्या काढा, २५ उरतील. रागावू मात्र नका.