वाऱ्याकडे पाठ असलेला किनारा : वाचकांचे प्रश्न

जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीसच्या सायक्लेडीस बेटांवर जाणाऱ्या वाचकांचे प्रश्न यंदा बरेच आले. बहुतेकांचा रोख एकच : पोहायला चांगला किनारा कोणता? त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं सहा दिवस नाक्सोसला जातोय. मुलं ६ आणि १० वर्षांची. हॉटेल प्लाका किनाऱ्यावर घेतलंय. फोटोंमध्ये पाणी आरशासारखं दिसतं, पण काही प्रवाशांनी 'वाऱ्यामुळे धड बसताही आलं नाही' असं लिहिलंय. खरं काय मानायचं? (पुणे)

उत्तर : दोन्ही. किनारा एकच असला तरी दिवस वेगळे असतात. एजियन समुद्रावर उन्हाळ्यात मेल्तेमी नावाचा उत्तरेचा कोरडा वारा वाहतो. बाल्कनकडे हवेचा दाब जास्त, तुर्कस्तानच्या तापलेल्या पठारावर कमी, आणि या दोहोंच्या मधल्या पट्टीत सायक्लेडीस. जुलै-ऑगस्ट हा त्याचा ऐन जोराचा काळ. आभाळ निरभ्र, ऊन लख्ख आणि वारा मात्र ताशी ३०-४० किलोमीटर, असे दिवस तिथे नेहमीचेच. ढग नाहीत म्हणजे समुद्र शांत, हा आपला आडाखा इथे चालत नाही.

साधारण दिवशी सकाळी वारा कमी असतो, अकरानंतर वाढतो, दुपारी भरात येतो आणि संध्याकाळी उतरतो. पण मोठा झोत आला की तीन-चार दिवस, कधी त्याहूनही जास्त, रात्रंदिवस वाहतो. सहा दिवसांच्या मुक्कामात असा एक झोत वाट्याला येईल असं धरूनच बेत आखा.

आता नाक्सोसचा नकाशा समोर घ्या. प्रसिद्ध किनारे पश्चिमेला एकाखाली एक आहेत : गावालगतचा आगिओस गेओर्गिओस, मग आगिओस प्रोकोपिओस, आगिया आना, तुमचं प्लाका, आणि त्याच्या दक्षिणेला मिक्री विग्ला. यांत प्रोकोपिओसच्या उत्तरेला जमिनीचं टोक समुद्रात घुसलेलं आहे, त्याचा आडोसा मिळतो. शिवाय तिथली वाळू जराशी जाडसर, त्यामुळे उडतेही कमी. प्लाका मात्र लांबलचक आणि सरळ. वारा किनाऱ्याला घासत जातो आणि बारीक वाळू पोटऱ्यांना सुयांसारखी टोचते. दहा वर्षांचा मुलगा सोसेल, पण सहा वर्षांच्या मुलाचे डोळे वाळूच्याच उंचीवर असतात, तो रडणार. अशा दिवशी चालत आगिया आनाकडे सरका किंवा बसने प्रोकोपिओस गाठा. आगिओस गेओर्गिओस उथळ म्हणून मुलांना चांगला, पण त्याच्या दक्षिण भागात विंडसर्फिंग चालतं. तिकडे मुलांना सोडू नका.

झोत मोठा असेल तर गाडी काढून दक्षिणेकडे आलिकोला जा. हे एक भूशिर आहे. झुडपांचं रान, अर्धवट सोडलेल्या हॉटेलचा सांगाडा, आणि भोवती वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या लहान पुळणी. एका बाजूला लाटा असल्या तर पाच-दहा मिनिटं चालून दुसरी बाजू बघायची. उत्तर टोकाचं आपोलोनास गाव बघायला जरूर जा, पण मेल्तेमीच्या दिवशी पोहण्याचे कपडे हॉटेलवरच ठेवा.

हॉटेल बदलायची गरज नाही. बदलायचा तो क्रम : पोहणं सकाळी आठ ते अकरा, दुपारी डोंगरातली गावं, आणि कोणता किनारा ते आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज बघून.

प्रश्न : 'मेल्तेमी उत्तरेचा, म्हणून दक्षिण किनारा गाठा' एवढं लक्षात ठेवलं तर पुरे ना? आम्ही मिकोनोस आणि पारोस करणार आहोत. (ठाणे)

उत्तर : मिकोनोसला जवळजवळ पुरे. प्लातिस यालोस, पारांगा, एलिया हे सगळे दक्षिणेचे किनारे बऱ्यापैकी आडोशाला आहेत. उत्तरेचे पानोर्मोस आणि फ्तेलिया वाऱ्याच्या तोंडावर. ओर्नोसला गेलात तर एक गंमत बघा. पुळणीकडे पाठ करून चिंचोळी पट्टी ओलांडली की काही मिनिटांत पलीकडच्या कोर्फोसच्या उपसागराशी पोचता. इकडे मुलं कमरेभर पाण्यात खेळतायत आणि तिकडे काइटसर्फिंगवाले हवेत उड्या मारतायत, तेही एकाच वेळी.

पारोसला मात्र हा नियम दोन्हीकडून फसतो. ख्रिसी आक्ती, म्हणजे 'सोनेरी किनारा', आग्नेयेला आहे. नियमाने शांत हवा, पण ते विंडसर्फिंगचं नावाजलेलं ठिकाण. कारण पारोस आणि नाक्सोस यांच्यामधल्या खिंडीसारख्या पाण्यात वारा कोंडतो आणि वेग घेतो. दोन इमारतींमधल्या बोळात छत्री उलटी होते, तसंच. पश्चिमेच्या पूंताला हीच गत, तिथे समोर अँटिपारोस बेट आहे. उलट मोनास्तिरी उत्तरेला असूनही शांत, कारण ते नाऊसाच्या उपसागरात आत वळलेलं आहे आणि त्याच्या पाठीशी भूशिर आहे. पारिकियाच्या उपसागरातले क्रिओस आणि मार्त्सेलोही तसेच. त्यांची पाठ उत्तरेला, तोंड दक्षिणेला. पारिकियाच्या बंदरातून तिथे छोट्या होड्या जातात.

तेव्हा किनारा बेटाच्या कोणत्या बाजूला आहे, हे विचारू नका. दोनच गोष्टी बघा. पुळणीचं तोंड कुठे आहे? आणि वारा येतो त्या बाजूला काय आहे, डोंगर, भूशिर, की उघडं पाणी? उपग्रहाच्या नकाशावर हे दोन मिनिटांत कळतं.

प्रश्न : दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर वारा जोरात होता, पण पाणी सपाट. तरीही तिथल्या एका माणसाने मुलीची हवेची रिंग बाहेर ठेवायला लावली. लाटा नसताना धोका कसला? (नाशिक)

उत्तर : त्या माणसाने योग्य केलं. आमच्या मते मेल्तेमीच्या दिवसांत खवळलेल्या किनाऱ्यापेक्षा अशा सपाट किनाऱ्याचीच जास्त काळजी घ्यावी, कारण खवळलेल्या पाण्यात कोणी आपणहून उतरत नाही.

शाळेत शिकलेले खारे आणि मतलई वारे आठवा. आडोशाच्या किनाऱ्यावर मेल्तेमी मतलईसारखा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. लाट उठायला वाऱ्याला लांबवर पाणी लागतं. काठाशी ते नसतं, म्हणून तिथे पाणी सपाट. शंभर-दोनशे मीटर आत गेलं की आडोसा संपतो. रिंग, फुगवलेली गादी किंवा पॅडलबोर्ड पाण्यावर तरंगतात आणि शिडासारखा वारा धरतात. साधारण पोहणारा ताशी दोन-तीन किलोमीटरने जातो, रिकामी रिंग त्याहून सहज पुढे पळते. दुर्घटना होते ती रिंगमागे पोहत जाणाऱ्या बापाची. परत येताना वारा आणि आखूड लाटा तोंडावर येतात आणि दम संपतो. रिंग काही युरोंची असते, जाऊ द्या.

वाऱ्याची दिशा ओळखायला नांगरलेल्या होड्या बघा. एका नांगरावर उभी होडी नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याकडे करते. सगळ्या होड्यांची तोंडं किनाऱ्याकडे असतील तर वारा समुद्राकडे वाहतोय. अशा वेळी हवेचं काहीही पाण्यात नेऊ नका, छाती बुडेल एवढ्याच पाण्यात राहा आणि किनाऱ्याला समांतर पोहा. पाठीमागे डोंगर उंच असेल तर मधूनच जोराचे झटके उतरतात, छत्र्या उडतात. छत्रीचा दांडा वाऱ्याकडे कलता रोवा आणि बुंध्याशी वाळूची पिशवी बांधा. वाऱ्यात ऊन जाणवत नाही, पण कातडी भाजतेच, हेही लक्षात असू द्या.

कोणी वाहत गेलंच तर पाठोपाठ उडी न मारता जीवरक्षकाला बोलवा. तो नसेल तर ११२ किंवा ग्रीक तटरक्षक दलाचा १०८. आपल्याकडे १०८ म्हणजे रुग्णवाहिका, तिथे समुद्र.

प्रश्न : अंदाजात 'बोफर्ट ५' की '६' एवढाच आकडा असतो. त्यावरून काय ठरवायचं? (इंदूर)

उत्तर : बोफर्ट हे वाऱ्याच्या जोराचं माप. ४ म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर, ५ म्हणजे २९ ते ३८, ६ म्हणजे ३९ ते ४९, ७ म्हणजे ५० ते ६१. आकडा नॉटमध्ये असेल तर १.८५ ने, मीटर प्रतिसेकंदात असेल तर ३.६ ने गुणा. ४ पर्यंत बहुतेक किनारे चालतात, लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागतो इतकंच. ५ ला आडोसा शोधा. ६ ला फक्त पक्क्या आडोशाचे किनारे, तेही पोहता येणाऱ्यांनी. ७ ला मुलांना पाण्यात नेऊ नका.

विंडीसारख्या वाऱ्याचा अंदाज देणाऱ्या ॲपवर सरासरी वेगाबरोबर झटक्यांचा आकडाही बघा. सरासरी ३० आणि झटके ५० असतील तर दिवस झटक्यांचा समजा. ॲपच्या चौकटी काही किलोमीटरच्या असतात, तुमच्या छोट्या पुळणीमागची टेकडी त्यांना दिसत नाही. म्हणून शेवटचा निर्णय काठावर उभं राहूनच.

६-७ चा अंदाज असेल तर फेरीबोटीचंही बघा. लहान हाय-स्पीड बोटी आधी रद्द होतात, मोठ्या जहाजांची सेवा जास्त काळ टिकते. परतीचं विमान अथेन्सहून असेल तर आदल्याच दिवशी बेट सोडा.

प्रश्न : भरती-ओहोटीचं वेळापत्रक कुठे मिळेल? आणि सप्टेंबरअखेर गेलो तर वाऱ्याचा त्रास वाचेल का? (रत्नागिरी)

उत्तर : रत्नागिरीकरांना हे पटायला जड जाईल, पण एजियनमध्ये भरती-ओहोटीचा फरक वीतभर. वेळापत्रक लागत नाही, पुळण दिवसभर जवळपास तेवढीच राहते. लाटाही आपल्या पावसाळ्यासारख्या दुरून आलेल्या लांब लाटा नसतात. आखूड, एकामागून एक थपडा मारणाऱ्या, आणि वारा पडला की काही तासांत निवणाऱ्या. काल पोहता आलं नाही म्हणून आजचा किनारा रद्द करू नका.

सप्टेंबरअखेर मेल्तेमी बराच थकलेला असतो आणि पाणी अजून उबदार. पण तेव्हा अधूनमधून दक्षिणेचा वारा सुटतो आणि वर लिहिलेलं सगळं उलटं होतं : मिकोनोसच्या दक्षिण किनाऱ्यांवर लाटा, आणि उत्तरेचं पानोर्मोस शांत.